मुंबईचं निव्वळ शून्य आणि चंद्रपूरची राख

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन ठराव मंजूर झाले. पहिला ठराव गच्चीवर सोलर पॅनेल बसवण्याचा. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालणार. सेक्रेटरी म्हणाले, "आता आपली सोसायटी नेट झिरोच्या वाटेवर!" टाळ्या झाल्या. दुसरा ठराव मागच्या बाजूची बाग काढून तिथे पेव्हर ब्लॉक टाकायचा आणि गाड्यांसाठी जागा करायचा. टाळ्या त्यालाही झाल्या. दोन्ही ठरावांना मी हात वर केला होता, हे आधीच कबूल करतो. दुसऱ्या ठरावातल्या पार्किंगमध्ये एक जागा माझ्या गाडीची आहे.

या दोन ठरावांचं एकमेकांशी जुळत नाही, हे सभेत कोणालाच कळलं नाही असं नाही. कळूनही चाललं. मुंबई शहराच्या हवामानविषयक धोरणाचे कागद वाचताना मला ही सभा सारखी आठवत राहिली. शहरानेही असेच दोन ठराव केलेत. पहिल्याची बातमी जगभर गेली. दुसरा रोज अमलात येतो आहे.

शून्याचा अर्थ

'नेट झिरो'ला मराठीत 'निव्वळ शून्य' म्हणतात. कल्पना सोपी आहे. कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून, कचरा कुजवून आपण जेवढे हरितगृह वायू हवेत सोडतो ते शक्य तितके कमी करायचे, आणि जे टाळताच येत नाहीत तेवढे झाडं, खारफुटी, माती किंवा यंत्रं यांच्या मार्फत शोषून घ्यायचे. जमा आणि खर्च बरोबरीत आले की निव्वळ शून्य. भारताने नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोच्या परिषदेत यासाठी २०७० हे वर्ष जाहीर केलं. मुंबईने मार्च २०२२मध्ये आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि २०५० हे वर्ष धरलं, म्हणजे देशाच्या वीस वर्षं आधी. दक्षिण आशियात असं लक्ष्य ठरवणाऱ्या पहिल्या शहरांत आपण, याचा अभिमान वाटणं साहजिक आहे.

मराठीतल्या 'निव्वळ' या शब्दाला मात्र दोन अर्थ आहेत. एक हिशेबातला: वजाबाकी करून उरलेलं. दुसरा बोलण्यातला: नुसतं, फक्त, बाकी काही नाही. 'निव्वळ बडबड' म्हणतो तसा. मुंबईच्या शून्यातला 'निव्वळ' यातला कोणता, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. माझं उत्तर असं की आज तरी तो दुसरा आहे. आणि त्याचं कारण तंत्रज्ञान किंवा पैसा यांची टंचाई हे नाही. आपण हिशेबाची रेघ कुठे मारतो, हे त्याचं कारण आहे.

आधी आराखड्यातले आकडे पाहू. २०१९ हे पायाभूत वर्ष धरून शहराचं उत्सर्जन मोजलं गेलं. ते सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतकं भरलं. दरडोई साधारण १.८ टन. त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा घरं, कार्यालयं, दुकानं, कारखाने यांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः विजेचा. सुमारे एक पंचमांश वाहतुकीचा. उरलेला कचऱ्याचा. मोजणी व्यवस्थित केली आहे. बाहेरून येणाऱ्या विजेचा धूर शहराच्या खात्यावर धरला आहे, हेही प्रामाणिकपणाचं आहे. या कामाला माझा आक्षेप नाही. राज्यातल्या बहुतेक शहरांकडे इतका तपशीलवार हिशेब अजून नाही.

आता लक्ष्यं पाहू. २०१९च्या तुलनेत २०३०पर्यंत ३० टक्के घट, २०४०पर्यंत ४४ टक्के, आणि २०५०मध्ये निव्वळ शून्य. वजाबाकी करून पाहा. पहिल्या अकरा वर्षांत तीस टक्के. पुढच्या दहा वर्षांत फक्त चौदा. आणि शेवटच्या दहा वर्षांत उरलेले सगळे छप्पन्न! शाळेतलं पोर परीक्षेचं वेळापत्रक असं आखतं. पहिले महिने थोडा अभ्यास, मग विश्रांती, आणि शेवटच्या आठवड्यात सगळं पुस्तक. शेवटच्या दशकात काहीतरी चमत्कार होईल, विजेची जाळी आपोआप स्वच्छ होईल, असं यात गृहीत धरलं आहे. आणि त्या दशकाचा जाब देण्यासाठी आजच्या अधिकाऱ्यांपैकी, मंत्र्यांपैकी कोणी खुर्चीवर नसेल.

सभागृह नसलेलं शहर

आराखडा प्रसिद्ध झाला १३ मार्च २०२२ रोजी. मुंबई महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली ७ मार्च २०२२ रोजी. सहा दिवस आधी.

तयारी आधीपासून चालू होती, नागरिकांकडून सूचनाही मागवल्या होत्या, हे मान्य. पण त्यानंतर जवळजवळ चार वर्षं शहराला सभागृहच नव्हतं. प्रशासक होते. निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ला. २०३०चं पहिलं लक्ष्य गाठण्यासाठी जी आठ वर्षं हातात होती, त्यातली जवळजवळ निम्मी अशी गेली की २२७ प्रभागांपैकी एकाही प्रभागातला माणूस आपल्या नगरसेवकाला विचारू शकत नव्हता, "आमच्या भागात त्या आराखड्याचं काय झालं?" विचारायला नगरसेवकच नव्हता.

या काळात 'क्लायमेट बजेट'ही आलं. २०२४च्या पर्यावरण दिनाच्या सुमाराला महापालिकेने पहिला अहवाल काढला. भांडवली खर्चातले दहा हजार कोटींहून अधिक रुपये हवामानाशी संबंधित कामांवर आहेत, असं त्यात दाखवलं होतं. आकडा ऐकून छाती फुगते. पद्धत मात्र अशी की अंदाजपत्रकात आधीच असलेल्या बाबी तपासायच्या आणि ज्यांचा हवामानाशी संबंध लागतो त्यांवर तशी खूण करायची. खूण करणं हे उपयोगी काम आहे. घरखर्चाच्या वहीत औषधपाण्याच्या नोंदींखाली लाल रेघ मारली तर आजारपणावर किती जातं ते कळतं. त्याने कोणी बरं होत नाही. आणि वहीत उलट बाजूच्या नोंदी कोणत्या, म्हणजे कोणत्या खर्चाने उत्सर्जन वाढणार आहे, त्यांच्याखाली कोणत्या रंगाची रेघ मारायची, हा प्रश्न उरतोच.

टोल माफ, तिकीट दुप्पट

मुंबईच्या धोरणाबद्दल बोलताना अधिकारी एक गोष्ट नेहमी सांगतात आणि ती खरी आहे: वीज महापालिकेच्या हातात नाही. तेव्हा ज्या गोष्टी मुंबईच्या आणि राज्याच्या थेट हातात आहेत, तिथे काय चाललं आहे ते आधी पाहू.

बेस्टची बस हे मुंबईने स्वतः उभं केलेलं, जगात मिरवावं असं साधन. एका बसमध्ये पन्नास-साठ माणसं जातात. तेवढीच माणसं गाड्यांतून न्यायची तर निम्मा रस्ता भरतो. वाहतुकीचं उत्सर्जन कमी करण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग जगात कुठेही सापडलेला नाही. पंधरा वर्षांपूर्वी बेस्टकडे चार हजारांहून अधिक बस होत्या. आज तीन हजारांच्याही खाली आहेत. लोकसंख्या वाढली, शहर उत्तरेकडे आणि पूर्वेकडे पसरलं, आणि बस कमी झाल्या. विजेवरच्या नव्या गाड्या आल्या हे चांगलंच. पण थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला बस कशावर चालते यापेक्षा ती येते का, याच्याशी मतलब असतो.

२०१९च्या जुलैत किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणलं गेलं. प्रवासी वाढले. म्हणजे काय केल्याने लोक बसकडे वळतात हे आपल्याला प्रयोगाने कळलेलं आहे. मग ९ मे २०२५पासून तेच किमान भाडं पाचाचं दहा झालं, वातानुकूलित बसचं सहाचं बारा. एका रात्रीत दुप्पट.

याच्या सात महिने आधी, ऑक्टोबर २०२४मध्ये, मुंबईत शिरण्याच्या पाचही नाक्यांवर हलक्या मोटारींना टोल माफ झाला होता. निवडणुका तोंडावर होत्या. या दोन निर्णयांची कागदपत्रं वेगवेगळ्या खात्यांत आहेत, म्हणून ते कधी एकत्र वाचले जात नाहीत. एकत्र वाचा. स्वतःच्या गाडीतून एकटा येणारा माणूस: शुल्क शून्य. घाटकोपरला धुणीभांडी करायला बसने जाणारी बाई: भाडं दुप्पट. यातल्या कोणाचं उत्सर्जन जास्त आहे हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. हे ज्या राज्यात घडतं त्या राज्याच्या राजधानीने २०५०चं शून्य जाहीर केलेलं आहे.

सागरी किनारा मार्गाची गोष्ट त्याच जातीची. मरीन ड्राइव्ह ते वरळी साधारण साडेदहा किलोमीटरचा रस्ता, खर्च सुमारे चौदा हजार कोटी रुपये, त्यासाठी समुद्रात शंभराहून अधिक हेक्टरांची भर. मार्च २०२४मध्ये पहिला टप्पा खुला झाला. बस तिथे धावते ती अपवादाला. रस्ता मोटारीसाठी आहे. मुंबईत बहुसंख्य माणसं आजही चालत, लोकलने नाही तर बसने कामावर जातात. मेट्रो वाढते आहे, भुयारी मार्गही पूर्ण झाला आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण एका हाताने मेट्रो द्यायची आणि दुसऱ्या हाताने मोटारीला नवा, मोफत, वेगवान रस्ता द्यायचा, तर मोटारीतून उतरेल कोण? मी तरी उतरलो नाही.

वर्सोव्याची खारफुटी, वरोऱ्याची झाडं

हाच मार्ग आता पुढे वर्सोव्यापासून दहिसर-भाईंदरकडे जाणार आहे. त्याच्या आड खारफुटी येते. डिसेंबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुमारे ४५ हजार खारफुटीच्या झाडांना हात लावण्याची परवानगी महापालिकेला दिली. यातली बरीचशी कामानंतर पुन्हा लावू, आणि तिप्पट रोपं इतरत्र लावू, असं महापालिका म्हणते.

खारफुटी म्हणजे काय हे मुंबईला २६ जुलै २००५ रोजी कळलं होतं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीच्या काठच्या भरावांनी, बुजवलेल्या खाजणांनी पाण्याची वाट अडवली होती. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने राज्यातली खारफुटी तोडायला मनाई केली. २०१८च्या निकालाने ती कायम झाली, फक्त सार्वजनिक हिताच्या कामासाठी न्यायालयाच्या परवानगीची फट ठेवून. त्या फटीतून आता मोठमोठे प्रकल्प एकामागून एक जात आहेत. खारफुटी पाणी अडवते, लाटांचा जोर मोडते, आणि पायाखालच्या चिखलात शतकानुशतकांचा कार्बन धरून ठेवते. आराखड्यातल्या शून्याची 'शोषून घेण्याची' जी बाजू आहे, ती मुंबईपुरती मुख्यतः हीच.

आणि या प्रकल्पात जी वनजमीन जाणार, तिच्या बदल्यातली पर्यायी वृक्षलागवड कुठे? चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडे. मुंबईपासून आठशेएक किलोमीटरांवर.

नियमांत हे बसतं. वनखात्याच्या हिशेबात हेक्टराला हेक्टर मिळालं की काम झालं. पण वर्सोव्याच्या खाडीत भरती येईल तेव्हा वरोऱ्याचा साग तिला कसा अडवणार? आणि मालाड-मार्वेच्या खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याने चिंबोऱ्या धरायला चंद्रपूरला जावं काय?

उजेड मुंबईला, राख कोणाला?

चंद्रपूरचं नाव इथे यावं यात नियतीचा काही भाग आहे असं वाटतं, कारण मुंबईच्या हिशेबाची दुसरी, मोठी बाजूही तिथेच जाते.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. भोवताली कोळशाच्या खाणी. तिथून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत १९९०च्या दशकाच्या अखेरीस एक खास उच्चदाब वाहिनी टाकली गेली: ७५२ किलोमीटर लांब, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी. राज्याच्या नकाशावर पूर्वेकडून पश्चिमेकडे काढलेली ती जवळजवळ सरळ रेघ आहे. वीज जाळ्यात शिरली की कुठल्या युनिटाने कोणाचा पंखा फिरला ते सांगता येत नाही, हे खरं. पण एवढी लांब तार कोणी हौसेने टाकत नाही. मागणी मुंबई-ठाण्याच्या बाजूला आहे, आणि चिमणी चंद्रपूरला.

२००९मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर देशात चौथं होतं. उन्हाळ्यात तिथला पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो. ज्या तापमानवाढीला थांबवण्यासाठी मुंबई शून्याची तारीख देते, ती तापमानवाढ अंगावर घेणारं गाव हेच, तिचा कोळसा जाळणारं गावही हेच, आणि आता मुंबईच्या झाडांची भरपाई करणारं गावही हेच.

नागपूरजवळच्या कोराडीत जुलै २०२२मध्ये खसाळ्याचा राखेचा बांध फुटला. मुंबईचा आराखडा येऊन तेव्हा चार महिने झाले होते. राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत गेलं. पुढच्याच वर्षी, मे २०२३मध्ये, त्याच कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॅटच्या कोळशावरच्या संचांसाठी जनसुनावणी झाली. विरोध झाला, नोंदवला गेला. नंतर कंत्राटही दिलं गेलं. असा संच एकदा उभा राहिला की पंचवीस-तीस वर्षं तरी चालतो. म्हणजे २०५०च्या निव्वळ शून्याच्या दिवशीही कोराडीच्या त्या चिमण्या धूर सोडत असण्याची पुरेपूर शक्यता आहे. राज्य हे बांधतं आणि त्याच राज्याची राजधानी शून्याची तारीख सांगते. मंत्रालयात या दोन फायली ज्या टेबलांवर असतील त्यांच्यामध्ये फार तर दोन मजल्यांचं अंतर असेल.

शहराच्या आतही तेच. ट्रॉम्बेचा कोळशावरचा जुना संच बंद करायचा बेत होता. शहराची वाढलेली मागणी पुढे आली आणि त्याला मुदतवाढ मिळाली. त्याच्या शेजारी माहुल आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून ज्यांना माहुलच्या इमारतींत पाठवलं, ती माणसं तिथल्या हवेने आजारी पडत राहिली. अखेर २०१९मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लोकांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही. दरडोई १.८ टन या सरासरीत माहुलची बाई आणि नरिमन पॉइंटचं वातानुकूलित कार्यालय एकाच रांगेत उभे असतात. सरासरीला कोण धूर करतो आणि कोण तो गिळतो हे कळत नाही.

मुंबईच्या उजेडाची ही रीत जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना धूर नको होता, स्वस्त आणि स्वच्छ वीज हवी होती. सह्याद्रीत पाणी होतं. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५मध्ये सुरू झालं, आणि मग मुळशीला धरण बांधायचं ठरलं. १९२१मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातून 'सेनापती' झाले. लढा हरला, गावं पाण्याखाली गेली, मुंबईत दिवे लागले. ती वीज आजच्या भाषेत 'हरित' होती! म्हणून मला नुसत्या 'हरित' शब्दाने समाधान होत नाही. कोळसा जाऊन उद्या सूर्य आणि वारा आले तरी जमीन कोणाची, विचारलं कोणाला, मोबदला किती, हे प्रश्न मुळशीएवढेच ताजे राहणार आहेत.

"काहीच नसण्यापेक्षा बरं"

या सगळ्यावर एक उत्तर नेहमी येतं आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. लक्ष्य मोठं असलं तरच पावलं पडतात. काहीच नसण्यापेक्षा आराखडा असलेला बरा. आणि अमेरिका-युरोपच्या तुलनेत मुंबईकराचं उत्सर्जन इतकं कमी आहे की त्याला दोष कसला द्यायचा? शिवाय राज्यात शेतीचे फीडर दिवसा सौर विजेवर आणण्याचं काम मोठ्या प्रमाणावर चालू आहे, ते दिसत नाही का?

दिसतं. शेतकऱ्याला रात्री दोन वाजता मोटार लावायला शिवारात जावं लागू नये, यासाठी तरी ते व्हायलाच हवं. दरडोई उत्सर्जन कमी आहे हेही खरं. पण ते कमी आहे कारण इथली बहुतेक माणसं लोकलला लोंबकळतात, दोनशे चौरस फुटांत राहतात, एका पंख्यावर उन्हाळा काढतात. त्यांच्या गरिबीमुळे आलेला कमी आकडा आपल्या धोरणाचं यश म्हणून दाखवायचा, आणि बसभाडं दुप्पट करून त्यांनाच दुचाकीवर ढकलायचं, हे मला पटत नाही.

आणि मोठ्या लक्ष्याचं म्हणाल, तर ते चुकलं हे सांगायचीही एक रीत असते. कोपनहेगनने २०१२मध्ये ठरवलं होतं की २०२५पर्यंत आपण जगातली पहिली कार्बन-तटस्थ राजधानी होऊ. कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाचा कार्बन पकडण्याच्या यंत्रणेवर त्यांची बरीच भिस्त होती. तिला सरकारी निधी मिळाला नाही. ऑगस्ट २०२२मध्ये तिथल्या महापौरांनी जाहीर केलं की २०२५चं लक्ष्य गाठता येणार नाही. उत्सर्जन मोठ्या प्रमाणात घटवलेल्या शहराने तारीख यायच्या तीन वर्षं आधी हे सांगितलं. लोक रागावले, टीका झाली, पण कोण कशामुळे चुकलं ते सगळ्यांना कळलं. आपल्या २०३०च्या तीस टक्क्यांचं काय होणार आहे, हे आपल्याला कोण, कधी, कुठल्या सभागृहात सांगणार आहे?

दात असलेलं धोरण

मग करायचं काय? उत्तर परदेशात शोधायची गरज नाही. मुंबईच्या उत्तरेला डहाणू आहे. तिथल्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राविरुद्ध स्थानिक लोक, चिकू बागायतदार, पर्यावरणवादी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने लोकांचं म्हणणं ऐकलं, कंपनीला समोर बसवलं, आणि धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. देशभर तसे नियम आले ते २०१५मध्ये, आणि जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारने त्यातून देशातल्या बहुतांश केंद्रांना सूटही देऊन टाकली. डहाणूत ते आधीच झालेलं होतं. चिमणी बंद झाली नाही, हे खरं. पण एका तालुक्याला आपल्या हवेबद्दल दाद मागायला एक दार होतं, दारावर नाव होतं, आणि आत बसलेल्या माणसाला अधिकार होते. चंद्रपूरला असं दार नाही. कोराडीला नाही. माहुलला नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत.

एक, २०५० बाजूला ठेवा. आता सभागृह आलं आहे. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या आधी आयुक्तांनी सभागृहात उभं राहून गेल्या वर्षीचं उत्सर्जन सांगावं: विजेचं वेगळं, वाहतुकीचं वेगळं, कचऱ्याचं वेगळं. आणि ज्या कामांनी ते वाढणार आहे त्यांची यादीही त्याच अहवालात असावी.

दोन, बसची संख्या ठरवा. दर लाख लोकांमागे किती बस, हे बंधन अंदाजपत्रकावर घाला. तेवढ्या बस रस्त्यावर येईपर्यंत मोटारींसाठी नवा रस्ता नको. टोलमाफीला पैसे आहेत तर पाच रुपयांच्या तिकिटालाही आहेत.

तीन, वीज आपल्या हातात नाही हे रडगाणं थांबवा. शहरातल्या वीज कंपन्या कोणाकडून किती वर्षांसाठी वीज विकत घेणार, हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे ठरतं आणि तिथे कोणालाही म्हणणं मांडता येतं. ज्या महापालिकेने सत्तर टक्के धूर विजेचा आहे असं स्वतः मोजलं आहे, तिने प्रत्येक सुनावणीत आपला वकील उभा करावा. कोराडीच्या जनसुनावणीतही तिचा माणूस असायला हवा होता.

चार, खाडीची भरपाई खाडीतच. आणि चंद्रपूर, कोराडीसाठी डहाणूसारखं प्राधिकरण. मुंबईच्या विजेच्या बिलातून त्याचा खर्च निघाला तर मी तो आनंदाने भरेन.

यातलं काहीही २०५०पर्यंत थांबण्यासारखं नाही, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीचा जाब आजच्या माणसाला आज विचारता येतो. म्हणूनच कदाचित आराखड्यांना असल्या गोष्टींपेक्षा लांबच्या तारखा जास्त आवडतात.

आमच्या गच्चीवरची पॅनेल बसली. जिन्यातले दिवे त्यावर चालतात, बिल कमी झालं आहे. बाग मात्र गेली; पहिल्याच पावसात पेव्हर ब्लॉकवरून पाणी थेट तळमजल्याच्या दारात आलं. गाडी विकायचं मी ठरवलं आहे, निदान तसं घरी बोललो तरी आहे. आणि बागेचा ठराव येत्या सभेपुढे पुन्हा आणावा, असं पत्र सेक्रेटरींना दिलं आहे. ते म्हणाले, "आणू की, पण अनुमोदक लागेल." तो अजून मिळालेला नाही. शोधतो आहे.